हितकारी सूक्ष्मजीव (प्रोबायोटिके)

योग्य मात्रेत दिले असता घेणाऱ्याच्या आरोग्यास उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. यांत मुख्यतः लॅक्टोबॅसिलस व बायफिडोबॅक्टिरियम या गटांतील सूक्ष्मजंतूंचा आणि सॅकॅरोमायसीज बुलार्डी या यीस्टचा समावेश होतो. आंबवलेले दूध पचनास हितकर असते, हा अनुभव प्राचीन आहे. चरकसंहितेत ग्रहणी व अर्श या विकारांवर ताक सांगितले आहे. मात्र या गुणाचा संबंध सूक्ष्मजंतूंशी जोडला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील आंरी तीस्ये यांनी १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेतून द्विशाखी आकाराचे सूक्ष्मजंतू (बायफिडोबॅक्टिरिया) वेगळे केले आणि अतिसार झालेल्या बालकांना ते द्यावेत, असे सुचविले. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगॉरॉव्ह या बल्गेरियन वैद्याने जिनीव्हा येथे बल्गेरियन दह्यातील दंडाकार सूक्ष्मजंतूंचे वर्णन केले. या निरीक्षणांना सिद्धांताचे रूप दिले ते ईल्या मेचनिकॉव्ह (१८४५–१९१६) यांनी. प्रतिरक्षेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. मोठ्या आतड्यातील कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंची विषे रक्तात शोषली जाऊन वार्धक्य येते आणि आंबट दुधातील जंतू त्या कुजण्यास आळा घालतात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा त्यांनी त्यास आधार दिला व स्वतःही आंबट दूध नियमित घेतले.

आतड्यातून होणाऱ्या विषबाधेची ही कल्पना त्या काळी वैद्यकात बरीच रूढ होती. तिच्याच आधारे लंडनमधील शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे हा सिद्धांत मागे पडला. येल विद्यापीठातील लीओ रेटगर व हॅरी चेप्लिन यांनी १९२१ मध्ये बल्गेरियन जंतू मानवी आतड्यात वस्ती करीत नाहीत, असे दाखविले. तथापि बाहेरून दिलेल्या जंतूंनी आतड्यातील जंतुसमूहात इष्ट बदल घडविता येईल काय, हा मूळ प्रश्न टिकून राहिला. १९१७ मध्ये फ्रायबुर्ख येथील आल्फ्रेट निस्ले यांनी महायुद्धात अतिसारापासून मुक्त राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून एश्चेरिकिया कोलायचा निरुपद्रवी वाण मिळविला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये लॅक्टोबॅसिलसचा निवडक वाण वाढविला व १९३५ पासून तो ‘याकुल्ट’ या पेयाच्या रूपाने विक्रीस आला.

प्रतिजैव पदार्थांचा प्रसार झाल्यावर रोगजंतूंबरोबर आतड्यातील निरुपद्रवी जंतूही नष्ट होऊन अतिसार होतो, असे दिसून आले आणि या विषयास नवे महत्त्व आले. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द १९६५ मध्ये लिली व स्टिलवेल यांनी एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या व दुसऱ्याच्या वाढीस चालना देणाऱ्या पदार्थांसाठी वापरला. १९८९ मध्ये फुलर यांनी तो जिवंत जंतूंपुरता मर्यादित केला. प्रारंभी दिलेली व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञांनी २००१ मध्ये मांडलेल्या व्याख्येस अनुसरून आहे. हे जंतू लॅक्टिक अम्लासारखी अम्ले निर्माण करतात, अन्न व जागा यांसाठी रोगजंतूंशी स्पर्धा करतात आणि प्रतिरक्षा तंत्रावर परिणाम घडवितात. बहुतेक वाण सेवन थांबताच आतड्यातून नाहीसे होतात.

परिणाम वाणावर व रुग्णाच्या स्थितीवर अवलंबून असतो. ओडिशातील ४,५५६ नवजात अर्भकांवरील चाचणीत (२०१७) लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम व त्याला पोषक शर्करा दिल्यावर जंतुरक्तता किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. याउलट नेदर्लंड्‌समध्ये अग्निपिंडाच्या (स्वादुपिंडाच्या) तीव्र शोथाच्या रुग्णांवरील चाचणीत (२००८) जंतुमिश्रण दिलेल्या १५२ जणांपैकी २४, तर न दिलेल्या १४४ पैकी ९ रुग्ण दगावले. लहान मुलांच्या तीव्र अतिसारावरील २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्यांत लाभ आढळला नाही. त्यामुळे ‘पचनास चांगले’ एवढ्या सर्वसाधारण दाव्यापेक्षा कोणता वाण, किती मात्रेत व कोणत्या विकारावर दिला जातो, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रतिजैव औषधांमुळे होणाऱ्या अतिसाराच्या प्रतिबंधासाठी काही वाण उपयुक्त ठरतात. मात्र अत्यवस्थ व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांना आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना ते वैद्यकीय देखरेखीवाचून देणे धोक्याचे असते.