औद्योगिक वारसास्थळांचे मत्स्यनेत्र छायाचित्रण

मत्स्यनेत्र भिंग, अर्थात फिशआय लेन्स, हे सुमारे १८० अंशांचा दृश्यकोन सामावून घेणारे छायाचित्रण भिंग होय. बंद पडलेले लोखंडाचे कारखाने, गिरण्या, वायुटाक्या यांसारख्या वारसास्थळांच्या छायाचित्रणात त्याचा प्रयोग केला जातो. हे भिंग सरळ रेषा वाकवीत असल्याने अशी छायाचित्रे दस्तऐवज म्हणून कितपत ग्राह्य धरावीत, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

इतिहास

पाण्याखालून वर पाहिल्यास प्रकाशाच्या अपवर्तनामुळे पृष्ठभागावरील सारे दृश्य सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये या दृश्याचा अभ्यास करून 'फिशआय' ही संज्ञा वापरली. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन हिल यांनी १९२० च्या दशकात ढगांच्या छायाचित्रणासाठी असे भिंग तयार केले. १९६२ मध्ये निकॉन कंपनीने ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी ८ मिमी नाभीय अंतराचे मत्स्यनेत्र भिंग आणले.

कार्यतत्त्व

सामान्य भिंगात प्रतिमाबिंदूचे मध्यापासूनचे अंतर कोनाच्या टॅन गुणोत्तराप्रमाणे वाढते. ९० अंशांना ते अनंत होते. त्यामुळे अर्धगोलाचे संपूर्ण दृश्य त्यात मावू शकत नाही. बहुतेक मत्स्यनेत्र भिंगांत हे अंतर साधारणपणे कोनाच्याच प्रमाणात वाढते. परिणामी चित्राच्या मध्यातून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात, तर इतर सरळ रेषा वक्र दिसतात.

उपयोग

जर्मनीतील फ्योल्कलिंगेन येथील लोखंडाचा कारखाना १८७३ मध्ये स्थापन झाला, १९८६ मध्ये बंद पडला आणि १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. झोतभट्ट्या व नळ्यांच्या अशा दाटीत छायाचित्रकाराला मागे सरकण्यास जागा नसते; तेथे हे भिंग उपयोगी पडते. ओबरहाउसेन येथील, १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या व सुमारे ११७ मीटर उंचीच्या वायुटाकीसारख्या दंडगोल वास्तूत त्याचा वेगळाच लाभ होतो. मध्यभागी कॅमेरा ठेवून सरळ वर रोखल्यास भिंतीवरील उभ्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या सरळ, तर आडवी कडी समकेंद्री वर्तुळे दिसतात. म्हणजेच, वास्तूचा आकार भिंगाच्या भूमितीशी जुळल्यास वक्रता जाणवत नाही.

मर्यादा

बर्न्ड व हिला बेखर या जर्मन दांपत्याने पाणीमनोरे, झोतभट्ट्या इत्यादींची छायाचित्रे ढगाळ उजेडात, मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने, रेषा सरळ राखून टिपली. त्यांतील अनेक वास्तू पुढे पाडल्या गेल्या. त्यामुळे रूपांची तुलना करण्यासाठी ही चित्रे मोलाची ठरली. मत्स्यनेत्र चित्रात कडेची धुराडी कललेली भासतात व पाहणाऱ्याला तो वास्तूचाच दोष वाटू शकतो. संगणकीय प्रक्रियेने रेषा सरळ करता येतात. मात्र कडेचा भाग ताणला जाऊन तपशील पुसट होतो. म्हणून अशी छायाचित्रे सरळरेषीय छायाचित्रांना पूरक म्हणून ठेवणे आणि भिंगाचा प्रकार, कॅमेऱ्याचे स्थान व रोख यांची नोंद करणे इष्ट ठरते.