अरणी आणि सामता

अग्निमंथन म्हटले की अरणी आठवते, यज्ञमंडप आठवतो, पिंपळाचे लाकूड आठवते. सामता म्हटले की, आठवलाच तर, सुतार आठवतो. कमानीची दोरी सामत्याला गुंडाळून आरीसारखी मागेपुढे ओढायची आणि फळीला भोक पाडायचे, हे काम विजेचे यंत्र येईपर्यंत आपल्याकडे सर्रास चालत असे. यंत्र म्हणून पाहिले तर अरणी आणि सामता एकाच कुळातली आहेत: उभी काठी, तिला दोरीचा वेढा, वरून दाब आणि खाली घर्षण. पण एकीचा अभ्यास संस्कृतच्या पंडितांनी केला आणि दुसऱ्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की वैदिक विधीतला एक जुना प्रश्न वेगळा दिसू लागतो. दोरीच्या जागी धनुष्य वापरले तर एकटा माणूस अग्नी पाडू शकतो. मग श्रौत परंपरेने धनुष्य का घेतले नाही?

आधी यंत्र पाहू. धनुष्याने अग्नी पाडायचा तर पाच वस्तू लागतात. हातभर लांबीची, किंचित वाकलेली काठी आणि तिच्या दोन टोकांना बांधलेली चिवट दोरी, हे धनुष्य. अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब सरळ काठी, हा फिरणारा दांडा. त्याचे खालचे टोक बोथट आणि वरचे निमुळते. खाली बोटभर जाडीची कोरडी फळी. वर तळहातात मावणारा खळगा असलेला ठोकळा, दगड किंवा हाड. आणि जवळ काथ्या, वाळके गवत किंवा साल चोळून केलेला भुसा. धनुष्याच्या दोरीचा एक वेढा दांड्याला द्यायचा, फळी पायाखाली दाबायची, ठोकळा धरलेले मनगट नडगीला टेकवायचे आणि धनुष्य पूर्ण लांबीने पुढेमागे ओढायचे. वरच्या खळग्यात तेल किंवा मेण घालतात, कारण तेथे घर्षण नको असते. ते सगळे खाली हवे असते.

सगळी मेख फळीवरच्या खाचेत आहे. दांड्याने थोडे जळून खळगा तयार झाला की फळीच्या कडेपासून खळग्याच्या मध्याकडे निमुळती होत जाणारी खाच कापतात. घासून पडणारी भुकटी त्या खाचेत साचते. भुकटी तपकिरी आणि भरड असेल तर दाब किंवा वेग कमी पडतो आहे असे समजावे. काळी आणि बारीक पडू लागली की काम जमले. ठिणगी उडत नाही, ज्वाळाही निघत नाही. साचलेली काळी भुकटी आतून तापते, हवा मिळाली की धुमसू लागते आणि तिचा लहानसा निखारा बनतो. दांडा थांबवल्यावरही भुकटीतून धूर येत राहिला तर निखारा झाला. तो भुशात घेऊन हळूहळू फुंकर घालायची.

लाकूड जितके कठीण तितका अग्नी लवकर, असा समज आढळतो. वस्तुस्थिती उलटी आहे. कठीण लाकूड घासून गुळगुळीत होते. भुकटी देते ते हलके, कोरडे लाकूड. पिंपळ असाच हलका. अरणीसाठी अश्वत्थ, तोही शमीवर उगवलेला, का सांगितला याची कारणे ब्राह्मणग्रंथांत कथेच्या रूपाने येतात. शतपथ ब्राह्मणात पुरूरव्याची गोष्ट संपते ती अरणीपाशी. त्याने रानात ठेवलेल्या अग्नीचा अश्वत्थ होतो, अग्नीच्या पात्राची शमी होते आणि शेवटी अश्वत्थाच्याच दोन अरणींतून त्याला अग्नी मिळतो. या कथेच्या तळाशी लाकूड निवडणाऱ्या हातांचा अनुभव असावा, असे मला वाटते.

आता श्रौत परंपरेतले यंत्र. खालची अधरारणी चोवीस अंगुळे लांब, सहा रुंद, चार जाड. उत्तरारणीचा तुकडा काढून केलेला प्रमंथ चात्राच्या खालच्या टोकाला बसवतात. चात्र म्हणजे फिरणारा दांडा. त्याच्या वर दाबून धरायची ती ओविली. चात्र आणि ओविली टणक लाकडाची, कारण त्यांना झिजायचे नसते. झिजायचे ते प्रमंथाने आणि अधरारणीने. चात्राला गुंडाळायची दोरी म्हणजे नेत्र, गायीच्या शेपटीचे केस आणि ताग मिसळून वळलेली. एकाने ओविली दाबून धरायची, दुसऱ्याने नेत्राची दोन टोके आळीपाळीने ओढायची. दोरी यजमानपत्नीच्या हाती देण्याची रीतही सांगितलेली आहे.

हे वर्णन वाचताना मराठी घरातली रवी डोळ्यांपुढे येते. मोठ्या डेऱ्यात ताक घुसळताना रवी दोरीने फिरवत आणि ती उभी राहावी म्हणून घुसळखांबाला अडकवत. घुसळखांबाचे काम तेच ओविलीचे. समुद्रमंथनाच्या कथेतही हेच यंत्र दिसते: मंदराचल हा दांडा, वासुकी हे नेत्र, कूर्म हा खालचा आधार आणि दोन टोकांना दोन पक्ष. ऋग्वेदात अग्नीला जन्म देणाऱ्या दहा बहिणी येतात. त्या म्हणजे दहा बोटे. तेथे दांडा तळहातांत धरून फिरवण्याची जुनी रीत डोळ्यांपुढे असावी. त्याच संहितेत मंथनदंडाला लगामासारख्या दोऱ्या बांधण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे हात आणि दोरी या दोन्ही पायऱ्या ऋषींना ठाऊक होत्या.

तिसरी पायरी, धनुष्य, तेव्हाच्या कारागिरांना माहीत होती का? आजच्या बलुचिस्तानातील मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ प्रौढांच्या अकरा दाढांना जिवंतपणी पाडलेली भोके आढळली. काळ सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. २००६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. गारगोटीचे टोक बसवलेला सामता धनुष्याने फिरवून संशोधकांनी असे भोक एका मिनिटाच्या आत पाडून दाखवले. अर्थात धनुष्य तेथे सापडलेले नाही. लाकूड आणि चामडे जमिनीत टिकत नाही. टिकते ते दगडी टोक. सिंधू संस्कृतीच्या मणीकारांची अशी टोके चन्हुदडो आणि धोलावीरा येथे मिळाली आहेत. खंबायतचे अकीकाचे कारागीर तर अगदी अलीकडेपर्यंत कमानीनेच, टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवून, मणी विंधत आले.

इजिप्तच्या कोरड्या वाळूत लाकूडही टिकले. काहून या वस्तीत फ्लिंडर्स पेट्रीला १८८९-९० च्या सुमारास अग्नी पाडण्याच्या फळ्या आणि धनुष्याची साधने मिळाली. तुतनखामेनच्या थडग्यातही अशी फळी होती. पकड वाढावी म्हणून तिच्या खळग्यांत राळ घातलेली होती. थीब्जच्या रेखमिरे याच्या थडग्यातील चित्रांत सुतार आणि मणीकार दोघेही धनुष्य ओढताना दिसतात. तेथे अग्नी पाडणारे आणि भोक पाडणारे हत्यार एकच होते. आर्क्टिकमधील इन्यूइटांनी वरचा ठोकळा दातांत धरण्याची युक्ती काढली, त्यामुळे एक हात फळी धरायला मोकळा राहिला.

मग श्रौत विधीत धनुष्य का नाही? दोरी मागासलेली आणि धनुष्य सुधारलेले, हे उत्तर टिकत नाही. दोन सेंटिमीटर व्यासाच्या दांड्याचा घेर सुमारे सव्वासहा सेंटिमीटर. धनुष्य पन्नास सेंटिमीटर ओढले तर दांडा एका ओढीत आठ फेरे घेतो. मोकळी दोरी नव्वद सेंटिमीटर ओढली तर चौदा. शिवाय दुसरा माणूस संपूर्ण भार टाकून दाबू शकतो. म्हणजे दोरी कामात कमी नाही. तिला माणसे दोन लागतात एवढेच. फळीवर वाकलेला सुतार, मणी विंधणारा कारागीर, बर्फातला शिकारी, यांना एकट्याने काम करायचे असते, म्हणून त्यांनी दोरीची दोन्ही टोके एका काठीला बांधली. अग्न्याधान करणाऱ्या गृहस्थाला एकटे राहण्याची मुभाच नव्हती. पत्नीवाचून त्याला आधानाचा अधिकार नाही. अधरारणीत उर्वशी आणि उत्तरारणीत पुरूरवा पाहणाऱ्या परंपरेला दुसऱ्या माणसाची गरज काढून टाकणारे साधन नको होते. हा माझा तर्क आहे. पण तो यंत्राच्या रचनेशी आणि विधीच्या अधिकाराशी, दोन्हींशी जुळतो.

हत्यार न पाहता शब्दांवरून अर्थ काढला की काय होते, याचे उदाहरण अग्नीच्याच अभ्यासात आहे. आडाल्बेर्ट कून या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये ग्रीकांचा प्रोमेथ्यूस आणि आपला प्रमंथ यांची सांगड घातली. ती कल्पना युरोपात फार गाजली. पुढे योहाना नार्टेन यांनी १९६० मध्ये दाखवले की वेदांत घुसळणारा ‘मन्थ्’ आणि हिसकावून नेणारा ‘मथ्’ हे दोन धातू वेगळे आहेत. श्येनाने पर्वतावरून सोम आणला तेथे दुसरा धातू येतो, आणि तेथे घुसळण्याचा अर्थ बसतही नाही. प्रोमेथ्यूसचे नाते असलेच तर या चोरीशी. लाकडी दांड्याशी नाही. प्रमंथ हा घासून झिजणारा, बदलता येणारा लाकडाचा तुकडा आहे हे समोर ठेवले असते, तर त्याला देवाचे नाव देण्यापूर्वी थोडे थांबावे लागले असते.

अरणीची मापे ग्रंथांत सुरक्षित आहेत. केरळात पांजाळ येथे १९७५ साली झालेल्या अग्निचयनाचे चित्रीकरणही झाले. सामत्याचे तसे झालेले नाही. दांड्याला कोणते लाकूड, कमानीला बांबू की वेत, दोरी चामड्याची की सुताची, वरच्या वाटीला काय म्हणायचे, ही माहिती गावोगाव वेगळी आहे आणि ती अजून काही वृद्ध सुतारांकडे व तांबटांकडे आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामुळे अडकित्ते आणि दिवे वाचले. कमान आणि सामता यांच्या जोड्याही तशाच, त्यांच्या शब्दांसकट, गोळा व्हायला हव्यात. चात्र आणि ओविली यांचे अर्थ कोशात शोधणाऱ्यालाही त्यांचा उपयोग होईल.