टीव्हीच्या अँटेनानं अडवलेलं बंदर

मध्यंतरी मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो होतो. धुरकट सकाळ होती, किनारा कुठल्याच बाजूला दिसत नव्हता. मी सवयीनं फोन काढला आणि नकाशावरचा निळा ठिपका बघत बसलो. आमचा तांडेल मात्र पाण्याकडे बघत होता. तेव्हाच ठरवलं, या भागात एक जुनी गोष्ट सांगायची. तिच्यात युद्ध नाही, हॅकर नाही. टीव्हीचा अँटेना आहे. एक नाही, तीन.

साल २००१, एप्रिल महिना. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या काठावर मॉस लँडिंग नावाचं छोटंसं बंदर आहे. मासेमारीच्या बोटी, हौशी लोकांच्या होड्या आणि समुद्रसंशोधनाची जहाजं, असं तिथलं जग. त्यातल्याच 'पॉइंट सुर' या संशोधन जहाजाच्या कप्तानानं मॉन्टेरेतल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेतल्या जाणकारांना कळवलं, की जीपीएस चालत नाहीये. माझ्या जहाजावरचं नाही, अख्ख्या बंदरातलं!

आणि नुसतं बंदरात नाही बरं का. बंदराच्या तोंडापासून बाहेर साधारण एक किलोमीटरपर्यंत तीच रड. या किनाऱ्यावर धुकं नेहमीचं. म्हणजे नेमकं जिथे बोट अरुंद तोंडातून आत घालायची, तिथेच यंत्र मुकं.

आता असं होतं कसं, ते समजून घेऊ. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या सिग्नलची ताकद किती? आपल्या आजीच्या घरातल्या पिवळ्या बल्बच्या आसपासची. तो 'उजेड' एवढं अंतर कापून खाली येईपर्यंत इतका क्षीण होतो, की रिसीव्हर त्याला अक्षरशः गोंगाटातून वेचून काढतो. जत्रेत लांबून कुणीतरी कुजबुजतंय आणि तुम्ही कान देऊन ऐकताय, असं समजा. शेजारच्यानं पिपाणी वाजवली की संपलं. त्याला तुमच्याशी वैर असायला हवं असंही नाही.

मॉस लँडिंगमधली पिपाणी कुणाची, हे शोधायला महिने गेले. संस्थेतले लोक दिशा पकडणारा अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन धक्क्यावर हिंडले. शेवटी एका बोटीपाशी पोचले. तिच्यावर बाजारात सहज मिळणारा टीव्हीचा अँटेना होता. सिग्नल वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आतच बसवलेला. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरजवळ नेला की 'कूंऽऽ' करून किंचाळतो ना, तसा हा अ‍ॅम्प्लिफायर आपोआप किंचाळत होता. फक्त त्याची किंचाळी आपल्या कानांना ऐकू येणारी नव्हती. ती जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडत होती.

तो बंद केला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला असेल. पण जीपीएस? अजून बंदच! कारण दुसऱ्या बोटीवर आणखी एक अँटेना होता, आणि मग तिसराही निघाला. कुणीही काही गुन्हा केला नव्हता. दुकानातून वस्तू आणली, बोटीवर लावली, संध्याकाळी टीव्ही बघितला, बस.

२००२ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं बोटवाल्यांना इशारा दिला, की असे अँटेना २,००० फुटांपर्यंतच्या दुसऱ्या बोटीचंही जीपीएस बिघडवू शकतात. शंका आली तर टीव्हीच्या अँटेनाची वीज बंद करून बघा. हा सल्ला वाचून मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं, खोल समुद्रात हे सुचणार कुणाला?

बरं, जीपीएस गेलं तर जहाजावर नेमकं काय काय जातं? ब्रिटनमध्ये २००८ साली हे मुद्दाम करून बघितलं. तिथे दीपगृहं सांभाळणारी नॉर्दर्न लाइटहाउस बोर्ड नावाची जुनी संस्था आहे. तिचं 'पोल स्टार' हे जहाज यॉर्कशायरच्या फ्लॅम्बरो हेड या टोकाजवळ नेलं आणि किनाऱ्यावरून कमी ताकदीचा जॅमर त्याच्या दिशेनं लावला. पुलावर एकामागून एक अलार्म वाजू लागले. इलेक्ट्रॉनिक नकाशा गेला. आपली जागा इतर जहाजांना सांगणारी यंत्रणा, म्हणजे एआयएस, तीही बिघडली. मदतीच्या हाकेसोबत आपली जागा पाठवणारा रेडिओसुद्धा जीपीएसच्याच भरवशावर. आणि लक्षात घ्या, या लोकांना आधीपासून माहीत होतं की आज जॅमिंग होणार आहे. दिवसाउजेडी.

पण मला सगळ्यात भीतीदायक वाटला तो जॅमरच्या कक्षेचा काठ. तिथे सिग्नल धड जात नाही, धड येत नाही. त्या पट्ट्यात काही रिसीव्हर गप्प बसण्याऐवजी चक्क चुकीची जागा दाखवत होते. गप्प बसलेलं यंत्र परवडलं हो!

याची किंमत आधीच एकदा मोजून झाली होती. जून १९९५. 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं होतं, १,५०९ माणसं घेऊन. तिथे जॅमिंग नव्हतं, जीपीएसच्या अँटेनाची केबल निघाली होती, एवढंच. पण उपग्रह तुटल्यावर रिसीव्हर नुसत्या वेग आणि दिशेच्या अंदाजावर जागा सांगत राहिला. पडद्यावर बारीक अक्षरांत तशी सूचना होती, ती कुणी पाहिली नाही. चौतीसेक तासांनंतर जहाज नँटकेट बेटाच्या पूर्वेला वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढलं. ठरलेल्या मार्गापासून १७ मैल बाजूला! नशीब, कुणाला इजा झाली नाही.

मग पर्याय नव्हता का? होता. फ्लॅम्बरोच्या त्याच चाचणीत ई-लोरान नावाची यंत्रणा व्यवस्थित चालू राहिली होती. ती जमिनीवरच्या मोठ्या मनोऱ्यांवरून येणारे ताकदवान, कमी फ्रिक्वेन्सीचे रेडिओ सिग्नल वापरते. पण अमेरिकेनं आपलं लोरान २०१० मध्ये बंद केलं. युरोपातल्या इतर देशांनीही मनोरे बंद करायचं ठरवल्यावर ब्रिटननं २०१५ च्या अखेरीस जहाजांसाठीची ई-लोरान सेवा थांबवली. पैसे वाचले असतील. मला तरी हा निर्णय कधी पटला नाही.

त्यानंतर दीड वर्षात, जून २०१७ मध्ये, काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या एका टँकरच्या कप्तानाला जीपीएसनं सांगितलं, की तू गेलेंजिकच्या विमानतळावर आहेस. हा नुसता गोंगाट नव्हता, खोटा सिग्नल होता. त्यानं आसपासच्या जहाजांकडे चौकशी केली, त्यांचं एआयएस तपासलं. वीसेक जहाजं त्याच विमानतळावर उभी!

लोरान मुळात आलं कुठून, त्याचं दुसऱ्या महायुद्धाशी काय नातं, ते पुढच्या भागात. आमची लाँच म्हणाल तर रेवसला वेळेवर लागली. माझ्या फोनची बॅटरी तेवढी संपली होती. भेटूच!