पिवळे, केशरी, पांढरे : सातारा-सांगलीतील आरोग्यविम्याच्या पात्रतेचा इतिहास

१/
सातारा आणि सांगली ही दोन्ही कृष्णाकाठची. पण कऱ्हाड, वाळवा, मिरजेचे ऊसमळे मागे टाकून माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर गेले की पाऊस बदलतो, पीक बदलते आणि घरात येणारा पैसाही बदलतो. आजारपण मात्र दोन्हीकडे सारखेच. सरकारी आरोग्यविमा कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे या दोन जिल्ह्यांत वेळोवेळी कोणत्या कागदावरून ठरले, त्याचा हा आढावा. #थ्रेड

२/
उपचारांची सोय येथे जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन इस्पितळ मिरजेत १८९४ साली उभे राहिले आणि पुढे कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. म्हणजे डॉक्टर होते, खाटा होत्या. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र बराच काळ घरातले दागिने, जनावरे आणि जमीनच सोडवत राहिली.

३/
स्वतंत्र भारतातील पहिली मोठी व्यवस्था म्हणजे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत तिची सुरुवात झाली आणि नंतर ती भागाभागाने देशभर पसरली. पात्रतेची कसोटी होती पगारपत्रक. आरंभी महिना ४०० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येई. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये झाली.

४/
पण याच कायद्याने ‘हंगामी कारखाना’ बाहेर ठेवला. त्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग, भुईमूग फोडणे यांच्यासोबत साखरेचे उत्पादन स्पष्ट लिहिलेले आहे, आणि साखरेत गूळही धरलेला आहे. ज्या मुलखाचे अर्थकारण सहकारी साखर कारखान्यांवर उभे राहिले, तेथे या व्याख्येचा अर्थ काय झाला असेल, हे निराळे सांगायला नको. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाना वगळण्याची तरतूद कायम ठेवली. आणि ऊसतोडणी करणारी टोळी तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसते.

५/
पोटासाठी बाहेर पडलेल्यांची वाट वेगळी. पाटण, जावळीच्या डोंगराळ भागातून मुंबईच्या बाजारपेठांत गेलेल्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळाकडे नोंद हीच तेथील पात्रता. अपशिंग्यासारख्या फौजी गावांतील माजी सैनिकांसाठी २००३ साली अंशदायी आरोग्य योजना आली. तेथे निवृत्तिवेतनाचा कागद लागतो. एकाच जिल्ह्यात, प्रसंगी एकाच घरात, दोन भावांसाठी दोन निरनिराळे दरवाजे. गावात राहून कोरडवाहू शेती करणाऱ्या तिसऱ्या भावासाठी मात्र दरवाजाच नव्हता.

६/
हा तिसरा भाऊ सरकारच्या नजरेस पडला १९९७ साली. राज्याने ‘जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू केली. ती मोजक्या गंभीर आजारांपुरती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती होती. रेषेच्या वर एक बोट असलेले कुटुंब कायद्याच्या दृष्टीने सुस्थित ठरे. एका शस्त्रक्रियेने ते रेषेखाली गेले तरी यादी लगेच बदलत नसे.

७/
यानंतर कसोटी झाली शिधापत्रिका. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असेल तर पांढरी. टॅक्सीचालक सोडून कोणाकडे चारचाकी असेल किंवा कुटुंबाची चार हेक्टर बारमाही बागायत असेल, तर केशरी मिळत नसे. ही विभागणी केली होती गहू, तांदूळ आणि रॉकेलच्या वाटपासाठी. हृदयाची झडप बदलण्याचा निर्णय याच रंगावरून होईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

८/
रंगांचा अर्थही राज्यागणिक वेगळा. २००७ साली आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेत पांढरे कार्ड ही गरिबाची खूण होती. महाराष्ट्रात तेच पांढरे कार्ड सधनतेची. आणि जतच्या सीमेपलीकडे कर्नाटकात २००३ साली आलेल्या यशस्विनी योजनेत सहकारी संस्थेचे सभासदत्व हाच पात्रतेचा आधार होता. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या सांगली-साताऱ्यात तसा प्रयोग राज्य पातळीवर झाला नाही.

९/
२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, ९७२ उपचार. प्रत्येक कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता सरकार विमा कंपनीला देई. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण कऱ्हाडचे, तरीही सातारा-सांगली त्यांत नव्हते. येथील पिवळ्या-केशरी कार्डधारकांना २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. दुर्धर आजाराच्या रुग्णासाठी सोळा महिने हा काळ लहान नसतो.

१०/
पांढऱ्या कार्डाचे काय? पुढे राज्याने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढरे कार्डधारक शेतकरीही योजनेत घेतले. त्यांना कार्डासोबत सातबारा दाखवायचा होता. हे जिल्हे मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा. तेथील संकट खरेच होते आणि निर्णयही योग्यच. पण कसोटी आली ती जिल्ह्याच्या नकाशावरून. चारा छावण्या आणि टँकर पाहिलेले माण, आटपाडी, जत हे तालुके ‘सधन’ पश्चिम महाराष्ट्राच्या नकाशात बसले असल्यामुळे बाहेरच राहिले. कृष्णाकाठच्या उसाची सरासरी माळावरच्या बाजरीला भोवली.

११/
२०१७ साली योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, तालुका खटाव. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगावही सातारा जिल्ह्यातच. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच त्यांना मरण आले. ज्यांच्या नावाने योजना चालली, त्यांच्याच तालुक्यातील पांढरे कार्डधारक शेतकरी तेव्हा तिच्याबाहेर होता.

१२/
२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. संरक्षण पाच लाखांचे. यादी मात्र २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेची. एका खोलीचे कच्च्या भिंतींचे घर, भूमिहीन मजूर, कर्ता प्रौढ पुरुष नसलेले कुटुंब, अनुसूचित जाती-जमाती असे तिचे निकष होते. त्या गणनेत दुचाकी, फ्रीज किंवा दूरध्वनी असलेले कुटुंब आधीच गाळले जाई. सात वर्षांपूर्वी कर्जाने घेतलेली मोटरसायकल अशी विम्याच्या आड येऊ शकत होती. या यादीचा आधार बदलण्याची मुभा केंद्राने २०२२ मध्ये दिली.

१३/
पहिली मोठी फट पाडली ती साथीने. मे २०२० मध्ये कोविडकाळात राज्याने योजना तात्पुरती सर्व रहिवाशांना खुली केली. रंग न पाहता उपचार देता येतात, हे त्यातून दिसले. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो १,३५६ उपचारांसह अमलात आला. पांढरे कार्ड आत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून केंद्राने सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, पात्र ठरवले. माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते.

१४/
मग पात्रतेचा प्रश्न संपला का? त्याचे रूप बदलले. पूर्वी ‘गरीब आहात का’ असे विचारले जाई, आता ‘नोंदीत आहात का’ असे विचारले जाते. आधार आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळले पाहिजे, ई-केवायसी झाली पाहिजे. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेली आणि सासरच्या कार्डावर अजून न चढलेली सून, गलाईच्या धंद्यासाठी विटा-खानापुरातून परराज्यात गेलेले कुटुंब, हंगामभर फडावर राहणारी ऊसतोडणी टोळी, ही माणसे कागदोपत्री पात्र असूनही ऐन वेळी अडू शकतात. आणि हे लक्षात येते ते बहुधा रुग्ण दाखल झाल्यावर.

१५/
सत्तर वर्षांत पगारपत्रक, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, जिल्ह्याचा नकाशा, घराची भिंत आणि वय अशा कसोट्या लागल्या. त्यांतील जवळजवळ प्रत्येक कागद दुसऱ्याच कामासाठी तयार झाला होता. नियम यापुढेही बदलतील. तेव्हा रक्कम किती वाढली याआधी हे पाहावे : नवी पात्रता कोणत्या कागदावर टेकली आहे, तो कागद कधीचा आहे, आणि त्यात नाव घालायला जतच्या माणसाला किती खेटे घालावे लागतात. तोवर घरातल्या प्रत्येकाचे नाव शिधापत्रिकेवर आहे ना, हे निरोगी असतानाच तपासून ठेवलेले बरे.