दिनविशेष : २ ऑगस्ट
मालवणी गजाली छोट्या पडद्यावर

२ ऑगस्ट २०१७ रोजी झी मराठी वाहिनीवर ‘गाव गाता गजाली’ ही कोकणातील एका गावात घडणारी विनोदी मालिका सुरू झाली. गजाली म्हणजे मालवणी मुलखातील निवांत गप्पा. मालिका फार काळ चालली नाही, तरी तिचे मोल मोठे आहे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणी बोली रंगभूमीवर मानाने आणली होती, २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने तीच बोली दूरचित्रवाणीवर पोहोचवली, मात्र तेथे गूढ आणि भय यांचे राज्य होते. ‘गजाली’ने रहस्याचा आधार न घेता गावकऱ्यांची रोजची बोलाचाली हाच कथाविषय मानला, आणि ‘माका’ (मला), ‘तुका’ (तुला), ‘खंय’ (कुठे) हे देवगडपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत उच्चारले जाणारे शब्द प्रमाण मराठीच्या प्रेक्षकांपर्यंत नेले. चाकरमान्यांच्या, म्हणजे नोकरीसाठी गाव सोडलेल्या कोकणवासीयांच्या, मुंबईत वाढलेल्या मुलांच्या कानी आजोळची बोली रोज पडत नाही. त्यांच्यासाठी अशा मालिका भाषेचा जिवंत दस्तऐवज ठरतात. देवगड तालुक्यातील वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या गजाली आजच ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.