घरचा शेअर आणि मामांची वही

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत शेअरबाजाराचा विषय निघाला की सत्यमचं नाव येतंच. १९८७ साली आपल्याच गावात सुरू झालेली कंपनी. कुणाचा भाचा तिथे, कुणाची सून तिथे. त्यामुळे सत्यम म्हणजे घरचा शेअर. तो घेऊन ठेवणारा शहाणा, आणि आठ-दहा दिवसांत घेऊन विकणारा सट्टेबाज! आज त्यालाच स्विंग ट्रेडिंग म्हणतात.

काचीगुड्याचे आमचे मामा या दुसऱ्या जातीतले. गणिताचे शिक्षक. घरातली मोठी माणसं त्यांच्यापुढे हा विषय टाळायची.

नव्वदच्या दशकात या व्यवहाराची चाल वेगळी होती. मुंबई शेअरबाजाराचं सेटलमेंट सोमवार ते शुक्रवार, राष्ट्रीय शेअरबाजाराचं बुधवार ते मंगळवार. सोमवारी घ्या, गुरुवारी विका आणि फक्त फरकाचे पैसे द्या-घ्या. सौदा पुढे ढकलायचा तर बदला भरा. काही जण एका बाजारातला सौदा दुसऱ्यात हलवून आठवडा लांबवत. १९९९-२००० मध्ये सॉफ्टवेअरचे भाव उधळले, त्यात या उसन्या पैशाचाही हात होता. १० मार्च २००० ला अमेरिकेतला नॅसडॅक ५,०४८ वर पोचला आणि तिथून घसरला. इकडचेही सॉफ्टवेअर शेअर कोसळले. २ जुलै २००१ पासून सेबीने बदला बंद केला, मोठ्या शेअरांना रोलिंग सेटलमेंट लावलं. पण त्याच नोव्हेंबरात एकेका शेअरचे फ्युचर्स आले आणि उधारीला दुसरं दार उघडलं.

त्या दारात मामा कधी गेले नाहीत. त्यांच्या वहीत तीन रकाने असायचे: घेतल्याचा भाव, विकायचा भाव, आणि अंदाज चुकला तर बाहेर पडायचा भाव. शिवाय एका सौद्यात जमलेल्या पैशाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालायचं नाही. मी एकदा विचारलं, "मामा, बाहेर पडायचा भाव ठरलाय, मग दहावा हिस्सा कशाला?" म्हणाले, "रात्री बाजार बंद असतो रे, बातम्या बंद नसतात."

याचा अर्थ १६ डिसेंबर २००८ ला कळला. त्या दिवशी संध्याकाळी सत्यमने मेटासच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. गुंतवणूकदार खवळले, काही तासांत बेत मागे घेतला. तरी दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे तीस टक्के पडला. पाच टक्के खाली स्टॉपलॉस लावून झोपलेल्यांना सकाळी तो भाव मिळालाच नाही. मधले भाव झालेच नव्हते, तर विकणार कुठे?

मग ७ जानेवारी २००९. खोट्या हिशेबांची कबुली देणारं अध्यक्षांचं पत्र भर बाजारात आलं. १७९ च्या आसपासचा शेअर ४० च्या खाली बंद झाला. मामांकडे त्या दिवशी एकही सत्यम नव्हता. ते याला हुशारी म्हणाले नाहीत. "नशीब होतं. असता तरी दहावाच हिस्सा गेला असता, एवढंच माझं."

९ तारखेला शेअर एक आकड्यापर्यंतही उतरला. आता घ्या म्हणून दोघं-तिघं मामांकडे आले. "नक्को. ज्याचे हिशेबच खरे नाहीत त्याचा तिसरा रकाना कसा भरू?" एप्रिलमध्ये टेक महिंद्राने बोली जिंकली ती ५८ रुपयांची. म्हणजे घेणाऱ्यांनी खरंच कमावलं. मामांनी हळहळ केली नाही, आणि कमावणाऱ्यांना नावंही ठेवली नाहीत.

मला यातून एवढंच दिसतं. आपल्या समाजाने घेऊन ठेवण्याला अब्रू दिली आणि घेऊन विकण्याला बदनामी. पण धोका दिवस मोजून ठरत नाही. एका नावावर आपण किती टाकलंय यावर ठरतो. आणि घरचा शेअर म्हटलं की ते कुणी मोजतच नाही.