बोरघाटाचा चढ : अंतर आणि विस्थापन

एखादी वस्तू ज्या वाटेने प्रत्यक्ष जाते त्या वाटेची लांबी म्हणजे अंतर, आणि निघाल्या ठिकाणापासून पोहोचल्या ठिकाणापर्यंतची, दिशेसह सांगितलेली सरळ रेषा म्हणजे विस्थापन. अंतराला केवळ परिमाण असते म्हणून ती अदिश राशी, तर विस्थापनाला दिशाही असते म्हणून ती सदिश राशी. ‘विस्थापन’ म्हटले की मराठी वाचकाला आधी धरणाखाली गेलेली गावे आठवतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातला हा शब्द काहीसा परकाच राहतो. मात्र या दोन राशींतली तफावत किती महागात पडते, याचा हिशेब बोरघाटातल्या लोहमार्गाने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवला आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 1853 मध्ये धावली. पुढे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत 1856 मध्ये आणि घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे 1858 मध्ये रूळ पोहोचले, तरी मधला घाट प्रवाशांना पालखीतून किंवा टट्टूवरूनच ओलांडावा लागे. माथा डोळ्यांना समोर दिसत असला, तरी गुळगुळीत रुळांवरची लोखंडी चाके तीव्र चढावर घसरतात, म्हणून येथे जास्तीत जास्त 37 फुटांत 1 फूट एवढाच चढ ठेवण्यात आला. एकूण चढायचे होते 1,831 फूट. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की रूळ निदान पावणेतेरा मैल लांब हवेत असे निघते, आणि सारा मार्ग इतका खडा ठेवणे शक्य नसल्याने ते प्रत्यक्षात सुमारे 16 मैल झाले. विस्थापन डोंगराने ठरवून दिलेले होते; अभियंत्याच्या हाती होते ते केवळ अंतर, आणि ते वाढवणे हेच त्याचे कौशल्य ठरले.

हे अंतर स्वस्तात मिळाले नाही. 1856 मध्ये सुरू झालेल्या कामात 25 बोगदे खोदावे लागले. काही ठिकाणी कडा इतका तुटलेला होता की मजुरांना दोरांनी खाली सोडून, अधांतरी लोंबकळत, सुरुंगाची भोके पाडावी लागत. सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार 1859 मध्ये भारतात येताच काही आठवड्यांत वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे 1862 मध्ये निधन झाले; मार्ग खुला झाला तो त्यानंतर, 21 एप्रिल 1863 रोजी. या तिघांची नावे इतिहासात राहिली, रोगराईने आणि अपघातांनी गेलेल्या हजारो मजुरांची राहिली नाहीत.

या मार्गाचा सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे खंडाळ्याखालचे उलटफेर स्थानक. डोंगराच्या सोंडेवर वळण घ्यायला जागाच नसल्याने रूळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मांडलेले होते : गाडी एका भुजेने वर येऊन टोकाशी थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने, पण चढतच, दुसऱ्या भुजेने निघे. त्या टोकाशी अंतर आणि विस्थापन यांची फारकत उघड होते. गाडी उलट फिरली तरी अंतराच्या बेरजेतून काहीही वजा होत नाही, ते वाढतच जाते. आडव्या विस्थापनात मात्र आधीची काही वाटचाल नव्या वाटचालीने पुसली जाते, आणि शिल्लक राहते ती मुख्यतः मिळवलेली उंची. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणाहून हे स्थानक अधिक स्पष्ट बोलते.

नेरळ-माथेरान मार्गाने 1907 मध्ये अंतर वाढवून चढ सौम्य करण्याची युक्ती टोकाला नेली : तेथे सरळ रेषेत जेमतेम 7 किलोमीटर असलेल्या ठिकाणी पोहोचायला छोटी गाडी सुमारे 20 किलोमीटर फिरते. बोरघाटातले उलटफेर स्थानक 1929 मध्ये, कल्याण-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाच्या वेळी, नव्या आखणीमुळे बंद झाले. पण चढ कायम राहिला. कर्जत ते लोणावळा सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटर भरते, रुळांवरून 28, आणि तेवढ्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात.